फुगला बघ संत्र्याचा पॅनकेक!

सांग बरं, संत्र्याचा वास नेमका कुठे असतो? रसात? फोडीत? ओळख बघू!

तो असतो सालीत! हो, सोलून झाली की आपण सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतो ना, त्याच सालीत!

खोटं वाटतंय? मग एक फोड नाकाशी धर. वास येईल, पण बेताचाच. आता सालीचा तुकडा घे, डोळ्यांपासून लांब धर आणि मुडप. बघितलंस? बारीकसा फवारा उडाला! आणि खोलीभर घमघमाट!

आता साल उजेडात नीट बघ. सगळीकडे बारीक बारीक ठिपके दिसतील. त्या आहेत तेलाच्या इवल्याशा पिशव्या. साल वाकली की पिशव्या फुटतात आणि तेलाची पिचकारी उडते. या तेलात सगळ्यात जास्त असतं लिमोनीन नावाचं द्रव्य.

या लिमोनीनची एक गंमत सांगू? रबरी फुगा घे. टम्म फुगव. सालीचा फवारा त्याच्यावर उडव. आणि... फट्ट! ना सुई, ना टाचणी, तरी फुगा फुटला! रबर पाण्यात विरघळत नाही, पण लिमोनीन लागलं की मऊ पडून विरघळायला लागतं. फुगलेल्या फुग्याचं रबर आधीच ताणून पातळ झालेलं असतं. त्यामुळे दोन-चार थेंबही पुरतात!

तुझ्या मनात आलंच असेल, मग हे तेल खाल्लं तर चालतं का? अगदी चालतं! आपलं पोट काही रबराचं नाही. चिमूटभर सालीचा किस खाण्यात घालतात, आणि तोच तर आज आपल्याला हवाय. कारण आज सकाळच्या नाश्त्याला करायचेत संत्रं-केळ्याचे पॅनकेक!

संत्रं नागपुरी मिळालं तर काय मजा! तिकडच्या बागा वर्षातून दोनदा फुलतात. आंब्याला मोहोर येतो तेव्हा येणारा तो आंबिया बहार आणि मृगाच्या पावसावर येणारा तो मृग बहार. आंबियाची फळं दिवाळीच्या आसपास बाजारात दिसतात, मृगाची थंडी सरता सरता. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हणजे ‘नागपुरी संत्रं’ हे नाव तिथल्याच संत्र्याचं!

चल, कामाला लाग. संत्रं आधी स्वच्छ धू. मग बारीक किसणीवर फक्त नारिंगी भाग हलक्या हाताने किस. त्याखालचा पांढरा भाग लागला की थांब, तो कडू असतो. एका भांड्यात एक वाटी कणीक, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, पाव चमचा खायचा सोडा आणि हा किस एकत्र कर. दुसऱ्या भांड्यात एक पिकलेलं केळं कुस्कर. त्यात अर्धी वाटी संत्र्याचा रस, चमचाभर लिंबाचा रस आणि थोडं पाणी घाल. आता ओलं कोरड्यात ओत आणि डावाने जेमतेम हलव. गुठळ्या राहिल्या तरी राहू देत! फार घोटलं की कणकेतली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि पॅनकेक चिवट होतो.

आता कान भांड्याजवळ ने. चुरचुर ऐकू येते? काय चाललंय आत?

एक छोटा प्रयोग कर, म्हणजे कळेल. दोन वाट्यांत चिमूट-चिमूट सोडा घे. एकीत पाणी घाल. फार काही होत नाही! दुसरीत संत्र्याचा रस घाल. फस्स्स! रस आंबट असतो, कारण त्यात सायट्रिक आम्ल असतं. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुम्ही कसे वर्गाबाहेर धावता? तसाच हा वायूही बाहेर धाव घेतो! पण सरसरीत पिठात तो अडकतो आणि जागोजागी बुडबुडे होऊन बसतो.

म्हणजे बघ हं, एकाच संत्र्याने दोन वेगवेगळी कामं केली. वास दिला सालीने, फुगवलं रसाने! मला तर याचंच सगळ्यात नवल वाटतं.

इडलीचं पीठही फुगतं, पण तिथे वायू करतात डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना रात्रभर वेळ लागतो. आपल्या पिठाला तेवढा धीर नाही! ठेवून दिलं तर वायू हळूहळू निसटून जातो. म्हणून पीठ झालं की लगेच तव्यावर घालायचं. इथे मात्र आई, बाबा किंवा आजी शेजारी हवेतच. गॅसजवळ एकट्याने जायचं नाही!

आच मंद ठेव. तव्यावर थोडं तूप सोड आणि डावभर पीठ घाल. हाताने पसरू नको, ते आपोआप गोल होईल. थोड्या वेळाने वरच्या बाजूला बुडबुडे येतील. ते फुटून भोकं तशीच राहिली आणि कडा सुकल्या की उलथण्याने उलट!

अहाहा, काय तो सोनेरी रंग! पिठातली प्रथिनं आणि साखर तापलेल्या तव्यावर एकत्र आली की हा रंग येतो आणि खमंग वासही सुटतो. लुई कामीय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेबद्दल लिहिलं. आजही तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पावाची तपकिरी साल खमंग लागते, तीही हिच्यामुळेच!

थांब, अजून एक. पॅनकेकच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघ. पहिली बाजू एकसारखी तांबूस, दुसरी ठिपक्याठिपक्यांची! का बरं? दुसऱ्या बाजूला फुटलेल्या बुडबुड्यांचे खड्डे असतात. खड्ड्याचा तळ तव्याला टेकतच नाही, मग तो लाल कसा होणार?

आणि घरात संत्रं नसलं तर? लिंबाची साल किस की! तिच्यातही लिमोनीन असतंच. जोडीला सिट्रल नावाचं द्रव्य असतं, म्हणून लिंबाचा वास वेगळा येतो. ओळख बघू, हे सिट्रल आणखी कशात भरपूर असतं? आपल्या गवती चहात! म्हणून तर गवती चहाची पात चुरगळली की लिंबाची आठवण येते.

वरून संत्र्याच्या सोललेल्या फोडी ठेव, मधाची धार सोड आणि बस खायला. पॅनकेक गार झाला की मजा निम्मी होते. तेव्हा तव्यावरून ताटात आणि ताटातून थेट तोंडात!