कालवे-शिनाण्यांची हाताळणी आणि आरोग्य

सिंधुदुर्गाच्या खाड्यांतील कालवे व शिनाणे यांच्या संवर्धनास २०१२ साली स्थापन झालेल्या राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षामुळे चालना मिळाली. महिला बचत गटही यात पुढे आले. तथापि बीज दोरावर चढविल्यानंतर मरू लागले, की दोष सामान्यतः पाण्याला दिला जातो. मूळ पुष्कळदा टोपलीतच असते.

शिंपला मिटला म्हणजे प्राणी सुरक्षित, हा समज अपुरा आहे. पाण्याबाहेर मिटलेल्या शिंपल्यात प्राणवायू संपत जातो, आम्ल साचते आणि ते शमविण्यासाठी शिंपल्यातीलच चुना खर्ची पडतो. त्यात ऊन, ढिगाचा दाब व आपटणे यांची भर पडली, तर रक्तपेशींची रोगजंतूंशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. शिनाणे ज्या धाग्यांनी खडकाला चिकटून असतात, ते मुळासकट उपटल्यास आतील मांसल भागास जखम होते. म्हणून धागे कापावेत. (घाई येथेच महाग पडते!) बीज सावलीत, ओल्या गोणपाटाखाली न्यावे व त्याच दिवशी सुती जाळीच्या कापडाने दोरावर बांधून पाण्यात सोडावे, कापड कुजेपर्यंत शिनाणे दोर पकडतात. पावसाळ्याच्या तोंडी, खाडीचे पाणी गोडे होत असता, विरळणी टाळलेली बरी. उघडा राहिलेला शिंपला टिचकी मारूनही मिटत नसेल, तर तो तत्काळ वेगळा करावा.