उस्ताद मन्सूरची लघुचित्रे

काश्मीरमध्ये सुखनाग नावाच्या ओढ्याकाठी इ. स. १६२० मध्ये बादशहा जहांगीर याला एक लहानसा पक्षी दिसला. तो पाण्यात बुडी मारी, बराच वेळ आत राही आणि भलत्याच ठिकाणी वर येई. या पक्ष्याचे पाय बदकासारखे पडद्याचे असतील, की रानपाखरांसारखे सुट्या बोटांचे, असा प्रश्न बादशहाला पडला. त्याच्या आज्ञेवरून दोन पक्षी पकडून आणण्यात आले. एक लगेच मेला. दुसरा जेमतेम एक दिवस जगला. पायांना पडदे नव्हते, एवढे मात्र निश्चित झाले. या पक्ष्याचे चित्र काढण्याची आज्ञा बादशहाने आपल्या चित्रकाराला केली. ही हकिकत त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. तो चित्रकार म्हणजे उस्ताद मन्सूर.

जहांगीराने १६०५ ते १६२७ या काळात राज्य केले. त्याचा पणजोबा बाबर हाही निसर्गाचा चाहता होता. त्याने आपल्या आत्मचरित्रात अनेक प्राण्यांची वर्णने केली. परंतु चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत. जहांगीराने ही उणीव भरून काढली. प्राणी पाहून त्याचे वर्णन तो लिही आणि चित्र चित्रकाराकडून काढवून घेई. मन्सूरला त्याने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘आपल्या काळातील अद्वितीय पुरुष’, हा किताब दिला होता.

१६१२ मध्ये बादशहाच्या एका सरदाराने गोव्याहून काही नवलाचे प्राणी आणले. त्यांत टर्की नावाचा पक्षी होता. हा मूळचा अमेरिकेतला. म्हणून दरबारात तो कोणाच्याच ओळखीचा नव्हता. त्याचे डोके आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, तर कधी कापसासारखी पांढरी दिसे. मन्सूरने या पक्ष्याचे चित्र काढले. पुढे १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला. त्याच्या अंगावरील पट्टे कोणीतरी रंगवले असावेत, असा लोकांना संशय आला. नीट तपासल्यावर ते निसर्गाचेच असल्याची खात्री पटली. मन्सूरच्या चित्रात हे पट्टे नाकापासून खुरापर्यंत स्पष्ट दिसतात. ही दोन्ही चित्रे आज लंडनमधील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

अशा चित्रांना ‘लघुचित्रे’ म्हणतात. झेब्र्याचे चित्र वहीच्या पानाहून फारसे मोठे नाही. परंतु चित्र लहान, म्हणून श्रम थोडे, असे नव्हे. प्रथम हातकागदाचे अनेक ताव एकमेकांवर चिकटवून जाड कागद तयार करीत. तो गुळगुळीत दगडाने घोटून त्यावर बारीक रेषांनी आकृती काढीत. हिंगुळापासून लाल, हरताळापासून पिवळा असे रंग खलून ते डिंकाच्या पाण्यात कालवीत. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा असे. त्याच्या टोकाने एकेक पीस आणि एकेक केस रेखाटला जाई. शेवटी चित्र पालथे ठेवून मागून अकीक दगडाने घोटले, म्हणजे रंगांना चकाकी येई.

हे सर्व कौशल्य एका गोष्टीवाचून व्यर्थ ठरते. ती गोष्ट म्हणजे नीट पाहणे. मन्सूरने साधा रंग बदलणारा सरडाही रंगवला आहे. त्याची खरखरीत कातडी आणि शेपटीचा वळसा पाहिला, की त्या प्राण्याकडे चित्रकार किती वेळ टक लावून बसला असेल, याची कल्पना येते. प्राणी सुंदर दिसावा म्हणून त्याने त्यात पदरचे काही घातले नाही.

या प्रामाणिकपणाचे मोल पुढे कळले. मन्सूरचे सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. युरोपीय शास्त्रज्ञाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते १७७३ मध्ये. मन्सूरने त्याला त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे रंगवले होते. हे क्रौंच दर हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत येत. पुढे त्यांची संख्या घटत गेली आणि २००२ नंतर ते तेथे आलेच नाहीत. आता आकाशातली ती पांढरी रांग दिसत नाही. चित्रातला क्रौंच मात्र तसाच उभा आहे.

नीट पाहण्यासाठी बादशहाचा दरबार लागत नाही. अंगणातल्या झाडावर खार रोज चढते-उतरते. प्रभू रामचंद्रांनी तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली, म्हणून तिला तीन पट्टे आहेत, अशी लोककथा आहे. परंतु आपल्या देशात तीन पट्ट्यांच्या खारी आहेत, तशाच पाच पट्ट्यांच्याही आहेत. आपल्या अंगणातली खार कोणती, हे ऐकून कळत नाही. त्यासाठी हातात पेन्सिल घेऊन झाडाखाली थोडा वेळ स्वस्थ बसावे लागते.