इंदापूरची जमाबंदी

1818 साली पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा जो मुलूख कंपनी सरकारच्या पदरी पडला, त्याच्या जमाबंदीचा घोळ निस्तरण्यास पुढे जवळजवळ दोन तपे लागली. दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या काळात महाल मक्त्याने दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून आपली भर करून घेई. कंपनीचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने मक्ता बंद केला, पाटील-कुलकर्ण्यांची वहिवाट राखली, तरी साऱ्याचा फुगलेला आकार फुगलेलाच राहिला.

या घोळात शास्त्र आणले ते रॉबर्ट कीथ प्रिंगल याने. ज्या हेलीबरीच्या विद्यालयात माल्थस अर्थशास्त्र शिकवी, तिथल्या विद्येत मुरलेल्या या तरुण अंमलदाराने रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त पुणे प्रांताच्या शेतांना लावावयाचे ठरविले. पिकाच्या एकूण किमतीतून बी, बैल, मजुरी इत्यादी खर्च वजा करून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारने घ्यावे, अशी त्याची योजना होती. कागदावर तिला खोट नव्हती. परंतु प्रत्येक शेताचा खर्च ठरविणार कोण? ते काम हाताखालच्या कारकुनांकडे गेले, आणि ज्याने त्यांचे हात ओले केले त्याची जमीन हलकी ठरली. 1830 च्या सुमारास हा आकार लागू झाला, तो नेमका धान्याचे भाव कोसळत असताना. पुणे प्रांताच्या इंदापूर तालुक्यात शेते पडीक पडली आणि कित्येक कुळे निजामाच्या हद्दीत निघून गेली.

1835 साली मुलकी खात्यातील गोल्डस्मिड व इंजिनिअर पलटणीतील लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे त्याच तालुक्याची फेरपाहणी आली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. गावांचा गट घेऊन तेथील पाऊस, बाजारपेठेचे अंतर, मागील वर्षांचा वसूल व लागवडीचे मान पाहून दर ठरवावयाचा, आणि जमिनीची खोली व रंग तपासून सोळा आण्यांपासून खाली उतरणाऱ्या प्रतबंदीप्रमाणे तो शेतांवर वाटावयाचा, ही त्यांची रीत. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचेही आणे सोळाच. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आकार तीस वर्षे कायम, त्या मुदतीत विहीर खणली तरी वाढीव सारा नाही, आणि नको असलेला शेताचा नंबर राजीनामा देऊन सोडण्याची मोकळीक. लागवड वाढली. 1847 च्या संयुक्त अहवालात, ज्यावर डेव्हिडसनचीही सही आहे, हीच रीत मुंबई इलाख्यासाठी नियमबद्ध झाली. विंगेटच्या व्यवहारबुद्धीला दाद द्यावी लागते. ज्या माणसाला आपल्या अज्ञानाची मर्यादा कळते तो पंडितापेक्षा बरा जमाबंदी करतो.

परंतु या पद्धतीतही एक कलम असे होते की ज्याचा भार पावसाने ओढ दिलेल्या वर्षीच कळावा. सारा रोख, ठराविक हप्त्याने, पीक येवो अगर न येवो; सुकाळात उरले ते दुष्काळात पुरेल, हे त्यामागील गृहीत. ज्याच्या कणगीत शिल्लकच राहत नाही, तो हप्त्याच्या दिवशी सावकाराच्या ओसरीवर जाणार, हे उघड आहे. आणि जमिनीला स्थिर आकार व विक्रीमूल्य आल्यामुळे सावकारही पूर्वीपेक्षा मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला, कारण मागे दिवाणी अदालत उभी होती. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि 1867 साली इंदापूरच्या तीस वर्षांच्या मुदतीनंतर जी फेरआकारणी झाली ती त्या तेजीच्या छायेत. तेजी गेली, वाढीव सारा राहिला. अखेर 1874 साली सरकारने स्वतःच मर्यादा घातली: तालुक्यावर शेकडा 33, एका गावावर 66 आणि एका खातेदारावर 100 यापलीकडे वाढ नको. एखाद्याचा सारा दुप्पट करावा, ही सवलत समजली गेली, यावरून आधीच्या वाढीचा अंदाज करावा.

मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. मामलेदाराच्या कचेरीस कोणी हात लावला नाही, म्हणून साऱ्याचा या दंग्याशी संबंध नाही असे काही अंमलदारांनी मानले. हे मत मला मान्य नाही. 1879 साली दोन कायदे झाले. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याच्या कायद्याने सावकाराच्या दाव्यांना लगाम घातला. त्याच वर्षीच्या जमीन महसुलाच्या कायद्याने थकबाकीपायी शेत सरकारजमा करण्याचा अधिकार जसाच्या तसा ठेवला.