स्पीकरवरचे वॅट काय सांगतात?

बुकशेल्फ स्पीकरच्या खोक्यावर छापलेले १०० वॅट हे आवाजाचे माप नव्हे. स्पीकर खराब न होता अ‍ॅम्प्लिफायरकडून किती शक्ती झेलू शकतो, एवढेच तो आकडा सांगतो. लिफ्टमधल्या वजनमर्यादेवरून लिफ्टचा वेग कळत नाही, तसेच हे. हाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असल्याने गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

आवाज किती मोठा येईल हे संवेदनशीलतेवरून (१ वॅट दिल्यावर १ मीटरवर मिळणारी ध्वनिपातळी) समजते. बुकशेल्फ स्पीकरमध्ये ती बहुधा ८४ ते ८८ डेसिबल असते. ३ डेसिबलच्या फरकाला दुप्पट शक्ती लागते. ८८ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढ्यासाठी ८५ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट हवेत. दिवाणखान्यातल्या नेहमीच्या ऐकण्याला मात्र थोडेच वॅट खर्च होतात. म्हणून बेताच्या बजेटमध्ये जास्त वॅटसाठी पैसे मोजू नयेत. आवडीची गाणी लावून, ऐकून निवड करावी.

जागेचाही परिणाम मोठा असतो. मागे पोर्ट (खर्ज वाढवणारे भोक) असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला, की डग्ग्याचा घुमारा पसरतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. तोच वीतभर पुढे ओढला आणि ट्वीटर (तार स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर आणला, तर शब्द सुटे ऐकू येतात.