गाडी घ्यावी ती भार ओढणारी! इंजिनाचा दम कसा ओळखावा?

सिरोंचा तालुक्यात किरकोळ व्यापार म्हणजे आठवडी बाजार, आणि आठवडी बाजार म्हणजे मोटारसायकल. कापडाचे गठ्ठे, बांगड्यांच्या पेट्या, भांडी, मिस्त्रीकामाची अवजारे असे सारे मागे बांधून आपले फेरीवाले व कारागीर बांधव अंकिसा, आसरअल्ली, जिमलगट्टा असे फिरत असतात. आलापल्ली गाठायची तर जंगलातून सुमारे १०० किलोमीटर. वाटेत नाल्याचा उतार लागतो, पलीकडे चढण. तेथे गाडी धापा टाकते, हाफ क्लचवर रेटावी लागते आणि क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो. दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय त्या दिवसाचा बाजारही बुडतो. म्हणून भारासाठी गाडी कशी पारखावी, हे आज सांगत आहोत.

हॉर्सपॉवर वेगळी, टॉर्क वेगळा

दुकानात गाडी घ्यायला गेलो की पहिल्यांदा हॉर्सपॉवर आणि अ‍ॅव्हरेज सांगितले जाते. भार ओढणाऱ्याने त्याआधी टॉर्क विचारावा. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. घट्ट बसलेला नट आखूड पान्याने हलत नाही, लांब पान्याने हलतो. तो जो पिळाचा जोर, तोच टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १ किलो वजन टांगले तर सुमारे १० न्यूटन-मीटर जोर पडतो. हा जोर आणि मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, यांच्या गुणाकारातून हॉर्सपॉवर निघते. त्यामुळे जोर बेताचा असला तरी इंजिन फार वेगाने फिरले, तर कागदावर हॉर्सपॉवर मोठी दिसते.

दोन गाड्या घेऊ. केटीएम ड्यूक २०० ची ताकद सुमारे २५ हॉर्सपॉवर, बुलेट ३५० ची सुमारे २०. पण ड्यूकचा जास्तीत जास्त टॉर्क १९ न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही ८,००० फेऱ्यांवर. बुलेटचा २७, आणि तो ४,००० फेऱ्यांवर मिळतो. चिखलातून सावकाश निघताना ८,००० फेरे कोण करणार? बुलेटचे इंजिन मोठे आहे हे खरेच. परंतु जोर किती याच्याइतकेच तो कोणत्या फेऱ्यांवर येतो, हेही महत्त्वाचे.

लांब स्ट्रोक, आखूड स्ट्रोक

आता आपल्या खिशाला परवडणाऱ्या १०० सीसी गाड्या पाहू. हिरो स्प्लेंडरचा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, टॉर्क ८.०५ न्यूटन-मीटर, ६,००० फेऱ्यांवर. २०२३ साली आलेल्या होंडा शाइन १०० चा बोअर ४७ आणि स्ट्रोक ५७ मिलिमीटर. टॉर्क तेवढाच, पण ५,००० फेऱ्यांवर. बजाज प्लॅटिना १०० चे इंजिनही लांब स्ट्रोकचे, बोअर ४७ आणि स्ट्रोक ५८.८, टॉर्क सुमारे ८.३, ५,५०० फेऱ्यांवर.

स्ट्रोक लांब म्हणून दांडा लांब, म्हणून जोर जास्त, असे पुष्कळ मिस्त्री सांगतात. हे अर्धेच खरे आहे. सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवला की पिस्टन बारीक होतो, आणि दांड्याने मिळवलेले पिस्टन घालवतो. खरे कारण श्वासाचे आहे. बारीक बोअरमध्ये व्हॉल्व्हही लहान बसतात. त्यांतून कमी फेऱ्यांवरही हवा वेगाने आत येते आणि पेट्रोलशी नीट मिसळते. जास्त फेऱ्यांवर मात्र तेच इंजिन गुदमरते. आखूड स्ट्रोकचे याउलट.

टू-स्ट्रोकची आठवण

राजदूत आणि यामाहा आरएक्स १०० ची आठवण आजही निघते. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून ९८ सीसीची आरएक्स १० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क देत असे, पण तो ६,५०० फेऱ्यांवर. राजदूतचे १७३ सीसीचे इंजिन संथ चालीचे, म्हणून खेड्यापाड्यांत ती भाराची गाडी ठरली. मात्र टू-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाते. पेट्रोलचा खर्च आणि प्रदूषणाचे नियम यांपुढे त्या गाड्या टिकल्या नाहीत.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत

इंजिनाचा टॉर्क गिअर आणि चेनमधून गुणला जाऊन चाकाला मिळतो. टीव्हीएस एक्सएल १०० चा टॉर्क अवघा ६.५ न्यूटन-मीटर; पण तो ३,५०० फेऱ्यांवरच येतो आणि गाडीची जुळणी कमी वेगाची आहे. म्हणून ती गठ्ठे वाहते. लांब पल्ल्याला मात्र ती संथ पडते.

हाती असलेल्या गाडीतही थोडी सुधारणा होऊ शकते. पुढच्या चेन-स्प्रॉकेटचे दात १४ वरून १३ केले, तर चाकाला सुमारे ८ टक्के जास्त जोर मिळतो. मात्र त्याच वेगासाठी इंजिनही ८ टक्के जास्त फिरते, आणि मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल जास्त लागते. रोजचा रस्ता चढणीचा असेल तरच हे करावे.

गाडी घेताना

व्यापारी बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात. जास्तीत जास्त टॉर्क किती आणि कोणत्या आरपीएमवर, हे छापील माहितीपत्रकात पाहावे. शक्य असेल तर मागे माणूस बसवून चढणीवर गाडी चालवून पाहावी. दुसऱ्या गिअरमध्ये ती हाफ क्लचशिवाय चढली पाहिजे. आणि गाडीला किती भार मान्य आहे, हे विचारून त्या मर्यादेतच माल बांधावा, कारण टॉर्क भार ओढतो, पण ब्रेक आणि टायर यांचे काम तो करत नाही. चढणीवर गाडी रडू लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. एवढे पाळले तर क्लच प्लेटचा खर्च वाचेल आणि बाजाराची वेळही गाठता येईल.