मनाला माप लावताना

मन उदास असल्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसापुढे डॉक्टर अनेकदा एक प्रश्नावली ठेवतात. 'पीएचक्यू-९' ही त्यांतली जगभर वापरली जाणारी. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, झोप लागली नाही, स्वतःविषयी वाईट वाटले, असे किती दिवस घडले? अशा ९ प्रश्नांना ० ते ३ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ती जास्तीत जास्त २७ होते. या आकड्याची उपचारांना मदत होते, यात शंका नाही. पण उदासीची बेरीज करता येते, हे ठरले कधी आणि कशाच्या आधारावर? मानसशास्त्र तत्त्वज्ञानाचे घर सोडून प्रयोगशाळेत आले आणि विज्ञान झाले, असे सर्रास सांगितले जाते. मला इतिहास वेगळा दिसतो. तत्त्वज्ञानाने घातलेले एक कोडे सोडवता सोडवता हे शास्त्र उभे राहिले आणि ते कोडे आजही प्रत्येक गुणसंख्येच्या तळाशी आहे.

हे कोडे घातले इमॅन्युएल कांट यांनी. निसर्गविज्ञानाच्या तात्त्विक पायाविषयी त्यांनी १७८६ मध्ये ग्रंथ लिहिला. ज्या शास्त्रात जितके गणित, तितकेच त्यात खरे विज्ञान, ही त्यांची कसोटी होती आणि मनाचा अभ्यास तिला उतरणार नाही, असे त्यांनी प्रस्तावनेत बजावले. त्यांची कारणे नेमकी होती. मनातल्या घडामोडी फक्त काळात वाहतात, त्या जागा व्यापत नाहीत. मग त्यांना गणित लावायचे कुठे? रसायनातले घटक वेगळे करून पुन्हा एकत्र आणता येतात, तसे विचार आणि भावना हव्या तशा वेगळ्या काढून ठेवता येत नाहीत. शिवाय मनाकडे पाहू लागताच पाहिले जाणारे मनच बदलते. रागाचे निरीक्षण करू लागलेल्या माणसाचा राग पहिल्यासारखा राहत नाही, हे कोणालाही पडताळता येईल.

कांट यांनी लावलेले हे कुलूप पुढच्या पिढ्यांना स्वस्थ बसू देईना. कोनिग्सबर्गला त्यांच्याच अध्यासनावर १८०९ मध्ये आलेल्या योहान हर्बार्ट यांनी सुचवले, की कल्पनांना काळाबरोबर तीव्रताही असते. म्हणजे गणिताला दुसरी मिती मिळाली. त्यांनी समीकरणे मांडली, पण मनावर प्रयोग होऊ शकत नाहीत हे मात्र मान्य केले. पुढचे पाऊल लाइपझिगच्या गुस्टाफ फेखनर यांनी टाकले. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. पण मन आणि शरीर ही एकाच वास्तवाची दोन अंगे आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती आणि वनस्पतींनाही आत्मजीवन असते असे सांगणारे पुस्तक त्यांनी १८४८ मध्ये लिहिले होते. दोन्ही अंगे एकाच वास्तवाची असतील, तर त्यांना जोडणारे सूत्रही असले पाहिजे. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी ते त्यांना सुचले. हाताला धागा एर्न्स्ट वेबर यांच्या प्रयोगांचा होता. हातात उचललेल्या वजनात पडलेला फरक जाणवायला तो मूळ वजनाच्या सुमारे १/४० असावा लागतो : ४०० ग्रॅमवर १० ग्रॅमची भर कळते, ८०० ग्रॅमवर २० लागतात. जेमतेम जाणवणारा हा फरक फेखनर यांनी मनाचे एकक मानला आणि असा निष्कर्ष काढला, की उद्दीपक पटीपटीने वाढतो तेव्हा संवेदना एकेका पायरीने चढते. १८६० च्या त्यांच्या ग्रंथातून मनोभौतिकी जन्मली. प्रयोग वजनांचा होता. जेमतेम जाणवणारे सगळे फरक मनात सारखेच असतात, हे गृहीतक मात्र तत्त्वज्ञाचे होते. त्याला तराजूचा पुरावा नव्हता.

याच लाइपझिगमध्ये १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तिथले निष्कर्ष छापणाऱ्या नियतकालिकाचे नाव त्यांनी 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास' असे ठेवले, आणि १९१३ मध्ये हे दोन विषय विद्यापीठांत विभक्त करण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा तिला ठाम विरोध केला. भारतातही हा सांधा दिसतो. १९१६ मध्ये कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांच्या पुढाकाराच्या पार्श्वभूमीवर. आणि त्याची धुरा सांभाळणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे वुंट यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली हार्वर्डला शिकले होते.

यावर कोणी म्हणेल, की भौतिकशास्त्रही तत्त्वज्ञानातूनच निघाले; आज ते त्याची आठवण काढत बसत नाही. पण दोन काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की लांबीची बेरीज डोळ्यांपुढे होते. दोन संवेदनांची अशी जोडणी दाखवता येत नाही, हा आक्षेप योहानेस फॉन क्रीस यांनी १८८२ मध्येच घेतला होता. १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांची समिती याच प्रश्नावर बसली आणि १९४० पर्यंत तिचे एकमत झाले नाही. त्यानंतर १९४६ मध्ये स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी मोजमापाची व्याख्याच सैल केली : नियमाने आकडे देणे म्हणजे मोजणे. वाट मोकळी झाली, कोडे जागेवर राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तापमान म्हणजे काय हे कळण्याआधीच तापमापक वापरात होता. मग मनाच्या मोजपट्ट्यांनाच आधी समजून घेण्याची अट का? वापर थांबवावा असे मी म्हणत नाही. पण तापमापक नेमके काय मोजतो, हे विचारण्याचे लोकांनी सोडले नाही, म्हणूनच जोसेफ ब्लॅक यांना उष्णता आणि तापमान यांतला भेद अठराव्या शतकात दाखवता आला. मानसशास्त्रालाही तो प्रश्न विचारत राहावे लागेल. ४ वरून ८ वर गेलेली उदासी आणि १६ वरून २० वर गेलेली उदासी सारखीच वाढली का? एकाची झोप उडाली आहे, दुसऱ्याला आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. दोघांची बेरीज १२ आली, तर दोघांना झाले आहे ते एकच का? हे प्रश्न ज्याच्या मनात जागे असतील, तो डॉक्टर कागदावरचे १२ वाचून झाल्यावर समोरच्या माणसाला विचारील, की हे १२ कोणकोणत्या उत्तरांचे मिळून झाले.