छोट्या सुट्टीचा डबा

सकाळची शाळा सातला भरते. घरातून निघताना पोटात जेमतेम कपभर दूध, तेही आईने मागे लागून पाजलेलं. साडेनऊच्या सुमारास वर्गात चुळबुळ वाढते, पेन्सिली पडतात, उगाच भांडणं होतात. बाई म्हणतात मस्ती. निदान थोडी तरी ती भूक असते.

पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू भलताच खादाड. अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, या वयात शरीर स्वस्थ असताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६६ टक्के एकटा मेंदू घेतो. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण साधारण २० टक्के. हे इंधन म्हणजे ग्लुकोज. रात्रभराच्या उपासात त्याचा पुरवठा यकृतातल्या साठ्यातून होतो. मुलांचं यकृत लहान, साठाही बेताचाच. पोटही लहान, म्हणून एकदाच भरपूर खाऊन भागत नाही.

मैद्याची गोड बिस्किटं रक्तातली साखर झटकन वाढवतात. शिवाय त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि जिवाणू त्याचं आम्ल करतात. थालीपीठ किंवा दाण्याचा लाडू सावकाश पचतो; त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. पोह्यांवर लिंबू पिळलंत तर त्यातलं लोह अधिक शोषलं जातं.

आणि हो, स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण मुलाला स्वतःला उघडता येतं का, ते आधी घरी पाहा. दहा-पंधरा मिनिटांच्या सुट्टीतली निम्मी त्या झटापटीतच जाते.